कालभैरव सोडून बाकी सगळं

बाबा,

काल घरी पुन्हा पाहुणे आले. तुमच्या वेळी पंधरा दिवस आधी पोस्टकार्ड यायचं, आता आदल्या संध्याकाळी फोन येतो आणि सकाळी माणसं दारात उभी असतात. माझ्या नवऱ्याच्या मावसभावाचा मुलगा आणि त्याची नवी बायको, ठाण्याचे. उज्जैनला मराठी माणसाचं घर असलं की नातेवाईक ते आपलंच समजतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी पन्नाशीला आले, गुडघे कुरकुरतात, तरी गाव दाखवायला मीच निघते. महाकाल झाला, हरसिद्धी झाली, रामघाटावर पाय बुडवून झाले. मग नवी सून म्हणाली, "काकू, ते दारू पिणारे देव बघायचेत." मी म्हटलं, चला. तिथे पोचल्यावर मात्र मी गाडीतून उतरले नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ती दर्शन घेऊन आली तेव्हा तिच्या हातात टोपली होती, टोपलीत झेंडूची फुलं आणि अर्धी बाटली. सँडलचा पट्टा लावायचा म्हणून तिने टोपली सहज माझ्यापुढे धरली. "जरा धरता?" मी नाही म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. बाबा, इतकी वर्षं झाली, तरी तसली बाटली मला अजून हातात धरवत नाही. म्हणून आज दोघांना इंदूरच्या गाडीत बसवून दिल्यावर हे लिहायला घेतलंय.

तुम्ही प्यायचात त्या वर्षांबद्दल आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही. सिंचाई खात्यात तुम्ही ड्राफ्ट्समन, साइटवर कॅम्प पडायचे, ठेकेदारांची ऊठबस असायची, तिथेच कधीतरी सुरू झालं असणार. मला आठवतं ते एवढंच की सात-आठ वर्षांची असल्यापासून मी संध्याकाळी फ्रीगंजातल्या आपल्या दोन खोल्यांत बसून जिन्याखालच्या सायकलचा आवाज ऐकायचे. सायकल स्टँडवर चढल्याचा खट्ट आवाज आला की आई आणि मी दोघी श्वास सोडायचो. हँडल भिंतीवर घासत गेलं की आई माझं दप्तर उचलून मला आतल्या खोलीत पाठवायची. तुम्ही मारलं नाहीत कधी. तुम्ही रडायचात, माफी मागायचात, मला हाका मारत राहायचात, आणि मी आतून लावलेल्या कडीकडे बघत बसायचे. मारणाऱ्या बापाची भीती वेगळी असेल. रडणाऱ्या बापाची भीती मला माहीत आहे, आणि ती शाळेत मैत्रिणीला सांगायची सोयसुद्धा नसते.

मी बारा वर्षांची असताना एके दिवशी ऑफिसच्या जीपने तुम्हाला जिन्याशी आणून सोडलं. तुम्ही चार पायऱ्या चढलात आणि माझ्या पायाशी कोसळलात. दुसऱ्या दिवसापासून बंद. शपथ नाही, नवस नाही, आईशी एक शब्द नाही. महिनाभर तुमचे हात इतके थरथरत होते की कपातला चहा बशीत सांडायचा. ऑफिसात सरळ रेघ कशी मारत होतात कोण जाणे. आणि त्याच महिन्यात तुम्ही सांगली, सातारा, नाशिक, जिथे जिथे आपलं कुणी होतं तिथे पोस्टकार्डं टाकायला लागलात. एकदा महाकालाच्या दर्शनाला या, राहायची सोय आहे, गाव मी स्वतः दाखवीन. आईला वाटलं, डोकं फिरलं यांचं. दोन खोल्यांत माणसं कुठे घालणार. पण तुम्हाला रविवार आणि संध्याकाळ भरून काढायची होती. ते मला फार पुढे समजलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की पाहुणे आले की सायकल रोज स्टँडवर चढते.

किती लोकांना तुम्ही हे गाव दाखवलंत. तुमचा क्रम ठरलेला. पहाटे महाकाल, मग हरसिद्धीच्या दीपमाळा, रामघाट, गोपाळमंदिराचे चांदीचे दरवाजे. देवास गेटला पोहे-जिलेबी, वर शेव. दुपारी वेधशाळा. तिथे तुम्ही खरे खुलायचात. सावली या खुणेवर आली म्हणजे इतके वाजले, आपल्या घड्याळात आणि सूर्याच्या घड्याळात एवढा फरक का, हे तुम्ही उन्हात उभं राहून अर्धा अर्धा तास समजावायचात आणि पाहुणे बिचारे सावली शोधायचे. दुसऱ्या दिवशी गढकालिका, भर्तृहरीची गुंफा, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम. मी बरोबर असायचेच, त्यामुळे माझंही सगळं पाठ झालं. त्या पाठात कालभैरव नव्हता. भर्तृहरीवरून मंगळनाथाला जाताना वाटेत कालभैरवाचं भैरवगड लागायचं आणि कुणीतरी विचारायचंच. तुम्ही म्हणायचात, "तिकडचा रस्ता फार खराब आहे." कधी म्हणायचात, "आता उशीर झाला, पुढच्या खेपेला नक्की." मला माहीत होतं तुम्ही तिथे का जात नाही. तिथे दाराबाहेर ओळीने दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानात नारळाशेजारी बाटल्या मांडलेल्या असतात. पुजारी बशीत ओतून देवाच्या ओठांना लावतो, बशी रिकामी होते, आणि उरलेली अर्धी बाटली प्रसाद म्हणून हातात परत देतो. एवढं सगळं असलेल्या जागी तुम्ही तुमची पावलं वळू देत नव्हतात. मला तुमचा अभिमान वाटायचा, आणि भीतीही वाटायची की एवढं लांबून वळसा घ्यावा लागतो म्हणजे दारू अजून किती जवळ आहे.

मी सतराची झाले त्या वर्षी सांगलीहून मोठे काका आणि काकू आले. काका तुमच्याहून चौदा वर्षांनी मोठे. आजोबा लवकर गेल्यावर त्यांनीच तुम्हाला वाढवलं, बोट धरून शाळेत घातलं. तुम्ही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचा नाहीत. त्यांना तुमच्या त्या वर्षांचा पत्ता नव्हता, आणि तो लागू नये म्हणून आईने पत्रांत काय काय लिहिलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. काका सोवळ्यातले, चहासुद्धा संध्या झाल्याशिवाय न घेणारे. त्यांच्या मुलाला त्याच वर्षी पुण्यात परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. तेव्हा सगळीकडे तेच वारं होतं. आपल्या गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीचं पिवळं बूथ उघडलं होतं, आणि मुलांच्या नोकऱ्यांसाठी लोक वाटेल त्या देवाला वाटेल ते बोलत होते. काकांनी बारा ज्योतिर्लिंगांपैकी महाकालाला अभिषेक बोलला होता, आणि कुणा ज्योतिषाच्या सांगण्यावरून, "उज्जैनच्या भैरवाला जे चालतं ते." काय चालतं हे त्यांना सांगलीत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना गाव दाखवायचं त्या दिवशी तुमच्या ऑफिसात भोपाळहून तपासणी होती. रजा मिळेना. सकाळी निघताना तुम्ही मला म्हणालात, "बेटा, आराम से ने. मंगळनाथ झालं की सांदीपनी, आणि सरळ घरी." मी मान हलवली. तुम्ही दारातून परत आलात आणि म्हणालात, "आपल्या नेहमीच्या रस्त्याने." एवढंच सांगितलंत, बाबा. एवढंसुद्धा मला सांभाळता आलं नाही.

महाकालाचा अभिषेक छान झाला. तेव्हा गाभाऱ्यात जाऊन पिंडीला हात लावता यायचा. काकांनी डोकं टेकवलं, काकूंनी टेकवलं, मीही टेकवलं. भर्तृहरीच्या गुंफेतून बाहेर आलो आणि काका रिक्षावाल्याला म्हणाले, "अब भैरव." मी घाईघाईने तुमचं वाक्य म्हटलं, "काका, तिकडचा रस्ता फार खराब आहे." रिक्षावाला हसायला लागला. "किसने बोला बिटिया? पक्की सड़क है. और भैरू बाबा के बिना तो उज्जैन अधूरी." काकांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं पकडलं गेल्यावर होतो तसा माझा चेहरा झाला असणार. रिक्षा भैरवगडाकडे वळली.

दुकानदाराने टोपली भरून दिली तेव्हा काका चरकले. मग स्वतःशीच म्हणाले, "बोललोय ना, मग झालं. देवाला आपण कोण विचारणार." ज्या माणसाने जन्मात सोड्याची बाटली उघडली नसेल तो दारूची बाटली दोन्ही हातांत धरून, डोक्यावर पदर घेतलेल्या बायकोला मागे घेऊन रांगेत उभा राहिला. बशी रिकामी होताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्या क्षणी ते मला फार आवडले. आणि मग पुजाऱ्याने अर्धी बाटली परत त्यांच्या हातात ठेवली.

बाहेर दोन-तीन माणसं उभी होती, प्रसादाच्या आशेने. बहुतेक लोक तिथेच देऊन टाकतात. मी म्हटलं, "काका, ही यांना द्यायची पद्धत आहे." काकांना ते पटलं नाही. "देवाचा प्रसाद दारुड्यांच्या हातात द्यायचा? घरी नेऊ. तुझा बाप बिचारा तपासणीत अडकलाय, त्याला दर्शन नाही तर निदान प्रसाद तरी." आणि बाटली काकूंच्या कापडी पिशवीत गेली, सुकामेव्याच्या पुडीशेजारी.

त्यानंतर मी मंगळनाथ दाखवलं, सांदीपनी दाखवलं, इथे कृष्ण पाटी धूत असे म्हणून कुंड दाखवलं, पण काय बोलत होते ते मला आठवत नाही. मला ती पिशवी तेवढी दिसत होती. खड्डा आला की आतून गुळूक असा आवाज यायचा. मी देवाकडे मागत होते की ती फुटू दे. फुटली नाही. सांदीपनीला उतरताना मी पिशवी सीटखाली पायाने सरकवली आणि काकूंना हाताला धरून लगबगीने पुढे नेलं. शंभर पावलं गेलो नसू, रिक्षावाला धावत आला. "बिटिया, परसादी रह गई." काकूंनी त्याला कितीदा आशीर्वाद दिले. भला माणूस होता. त्याच्या भलेपणाचा मला इतका राग आला की आजही त्याचा चेहरा जसाच्या तसा आठवतो.

घरी आल्यावर काकांनी बाटली काढून सरळ देवघरात ठेवली, लंगड्या बाळकृष्णाच्या मागे. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं जमीन दुभंगावी. ती बोलणार तरी काय? प्रसाद टाकून द्या म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि का ते सांगितलं की तुमची चार-पाच वर्षं काकांच्या पायाशी उघडी पडणार. आईने लाटणं उचललं आणि पोळ्या करायला लागली. पहिल्या तीन करपल्या.

तुम्ही सहाच्या सुमाराला आलात. सायकल स्टँडवर चढली. हातपाय धुऊन बाहेर आलात तर काकांनी दिवा लावून तयारीच ठेवली होती. आरती झाली. काकांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पळीने आपल्या तळहातावर घेतलं, तीर्थासारखं. प्याले, डोळे गच्च मिटले, म्हणाले, "औषधासारखं आहे." काकूंनी बोट बुडवून जिभेला लावलं. मग काकांनी पळी भरली आणि तुमच्याकडे वळले. "ये. तुझ्या वाट्याचं मुद्दाम आणलंय." तुम्ही भिंतीला लागून उभे होता. तुमचा चेहरा पांढरा झाला होता. आई तुमच्याकडे बघत नव्हती, ती देवांकडे बघत होती. काका म्हणाले, "अरे, ये ना." आणि तुमचे हात पुढे यायला लागले. मी पाहिले, बाबा. दोन्ही हात.

मी म्हटलं, "थांबा. त्याला मी शिवलेय."

काका थांबले. काकू म्हणाल्या, "शिवलीस म्हणजे काय?" मी जमिनीकडे बघून सांगितलं की मला सकाळपासून अडचण आहे. सतरा वर्षांची मुलगी, समोर बाप आणि मोठा काका, आणि मी पाळीचं बोलत होते. पाळीतल्या बाईने देवळाची पायरी चढायची नाही, देवाचं काही हाताळायचं नाही, ते आपल्या घरी आई ढिलेपणानेच पाळायची, पण काका-काकूंच्या घरी त्यात सूट नव्हती. आणि मी तर दिवसभर त्यांच्याबरोबर गाभाऱ्यात शिरले होते, पिंडीला डोकं टेकवलं होतं. ते सगळं खोटं होतं. माझी पाळी आठ दिवसांपूर्वीच होऊन गेली होती आणि दोन खोल्यांच्या घरात आईला ते माहीत नसणं शक्य नव्हतं.

काकू मटकन खाली बसल्या. "महाकालाला हात लावलास तू. अभिषेकाच्या वेळी." मग रडायलाच लागल्या. "पोराच्या नोकरीचा अभिषेक होता गं तो." काकांनी पळी ताम्हनात ठेवली. माझ्यावर ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तुम्हाला म्हणाले, "असं वळण लावलंस मुलीला?" आणि तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकलं, दादा." तेवढ्यात आई पुढे आली. मला वाटलं ती सांगून टाकणार. ती म्हणाली, "चटई घे आणि त्या कोपऱ्यात जाऊन बस. कशाला हात लावू नकोस." आवाज इतका कडक होता की क्षणभर मलाच वाटलं की माझी पाळी खरी आहे. आईने माझं खोटं उचलून धरलं होतं, आणि तेवढ्यासाठी तिला आपल्या मुलीला सगळ्यांदेखत वाईट ठरवावं लागलं.

मी चटईवर बसले. मनात म्हटलं, झालं, वाचलो. काकांनी बाटलीला झाकण लावलं, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "हे आता घरात नको. प्रसाद आहे, मोरीत ओतायचा नाही. नदीत सोडायला हवा." आणि बाटली तुमच्या हातात दिली. "तू जाऊन ये."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी हुशारी केली आणि त्याचं फळ असं की अर्धी बाटली घेऊन तुम्ही एकटे घराबाहेर निघालात. तुम्ही ती सायकलच्या पिशवीत ठेवली असणार. फ्रीगंज ते रामघाट, जाऊन-येऊन किती लागतो वेळ? पूल ओलांडला, बाजारातून उतरलं, तासाभरात माणूस परत यायला हवा. मी उठू शकत नव्हते. मागे धावू शकत नव्हते, "मी येते बाबांबरोबर" म्हणू शकत नव्हते. मीच स्वतःला त्या चटईवर बसवलं होतं. सात वाजले. साडेसात वाजले. काकूंनी डोक्यावरून अंघोळ केली, काकांनी मनाची समजूत घालायला टीव्ही लावला आणि तो मोठा केला. आई स्वयंपाकघरात भांडी पाडत होती. मला रामघाटाच्या पायऱ्या दिसत होत्या, त्या पायऱ्यांवर तुम्ही बसलेले, मांडीवर पिशवी. मी मनातल्या मनात तुम्हाला सगळं गाव दाखवत नेत होते. इथे हरसिद्धी, बाबा, वळा. इथे घाट. आता ओता. ओता ना. सायकलचा आवाज ऐकायला मी कान टवकारले होते, आणि नेमका त्या टीव्हीत तो बुडाला. तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा आठ वाजून गेले होते. सायकल स्टँडवर चढली की भिंतीला घासली, मला कळलंच नाही.

तुम्ही नखशिखांत ओले होता. काकांनी विचारलं, "सोडलंस?" तुम्ही म्हणालात, "सोडलं." काका म्हणाले, "आणि स्नान केलंस ते बरं केलंस." मी तुमच्या डोळ्यांकडे बघत होते, ते लाल होते. नदीत बुडी मारल्यावर लाल होतातच. रडल्यावरही होतात. तुम्ही कपडे बदललेत आणि जेवायला बसलात. तुमचं बोलणं नेहमीसारखं होतं, जरा हळू. मी कोपऱ्यातून एक एक शब्द तपासत होते.

जेवणं झाल्यावर तुम्ही माझं ताट आणलंत. हातभर अंतरावर ठेवलंत, रिवाजाप्रमाणे, आणि तिथेच उंबऱ्यावर टेकलात. काका आतल्या खोलीत गेले होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी हात जोडणार होतो, बेटा." मला समजलं नाही. "पुढे केले ते घ्यायला नाही. दादांपुढे हात जोडून सगळं सांगणार होतो. दिवसभर वाटत होतं, आज सांगून टाकावं." मग बराच वेळ तुम्ही उंबऱ्याची फट नखाने उकरत राहिलात. "तुला भरवसा नव्हता ना माझा?"

मी भात कालवत राहिले. तुम्ही उठून गेलात. त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होता आणि तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाहीत.

काका दुसऱ्या दिवशी गेले ते पुन्हा उज्जैनला आले नाहीत. महाकाल बाटवून आलेली मुलगी म्हणून माझी गोष्ट सांगलीत पोचली, माझ्या लग्नाला त्यांच्याकडून कुणी आलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. त्यांना तुमचं काही कळलं नाही, ते तुमच्याबद्दलचा सगळा अभिमान घेऊन गेले. पण तुम्ही जे एकदा सांगून मोकळे होणार होता ते मी तुमच्या तोंडातून काढून घेतलं, आणि ते शेवटपर्यंत तुमच्याकडेच राहिलं. पाहुणे येत राहिले. तुम्ही वेधशाळेत सावली दाखवत राहिलात. पण मला घेऊन जाणं तुम्ही कमी केलंत. म्हणायचात, अभ्यास कर. मीही येते म्हटलं नाही.

आई म्हणायची, तुम्ही त्या संध्याकाळी थेंब घेतला नाहीत आणि नंतरही कधी नाही. तिला खात्री होती. बायकोला असते. मला नव्हती. त्या रात्री मी तुमच्यापासून हातभर लांब होते आणि ते अंतर मीच आखून घेतलं होतं, त्यामुळे जे एकदाच कळण्यासारखं होतं ते मला कळलं नाही. हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, आजच चुलीत घालीन म्हणते, गॅसच्या घरात चूल नाही हे माहीत असूनही. कारण यापुढचं तुम्ही वाचलं असतं तर तुम्हाला उंबऱ्यावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं.

तुम्ही ऑफिसातून आलात की मी पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत यायचे. लग्न झाल्यावर माहेरी आले तरी आई उठायच्या आत मीच उठायचे, तुमच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायचे, अगदी जवळ उभी राहायचे. तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, लेक फार मायेची आहे. बाबा, मी तुमच्या तोंडाचा वास घ्यायला येत होते. अकरा वर्षं, त्या घरात असले की एक दिवस न चुकता. आणि त्या दुपारी तुम्ही गेलात, बाहेर लोक जमले, आईने माझ्या हातात तुळशीचं पान दिलं, तुमच्या ओठांत ठेवायला मी खाली वाकले, तेव्हाही पान ठेवण्याआधी मी वास घेतला.